कावीळ कोणती, हे आधी विचारा

घरात कोणाचे डोळे पिवळे दिसू लागले की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती कावीळीचे औषध कोणत्या गावात, कोणाकडे मिळते याची. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो म्हणजे ही कावीळ कोणती. कावीळ हे आजाराचे नाव नसून ते लक्षण आहे. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्यावर त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते आणि यकृत ते पित्तावाटे शरीराबाहेर टाकते. यकृताला सूज आली, पित्ताची नळी तुंबली किंवा रक्तपेशी प्रमाणाबाहेर मोडू लागल्या, तर हे द्रव्य रक्तात साठते. एरवी रक्तात त्याचे प्रमाण डेसिलिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅमच्या आत असते; ते अडीच-तीनच्या पुढे गेले की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो.

हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज. ती ए, बी, सी, डी आणि ई या पाच विषाणूंमुळे येऊ शकते, तशी दारूमुळे, यकृतात साठलेल्या चरबीमुळे, औषधांमुळे किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यामुळेही येऊ शकते. पण कावीळ पित्ताची नळी तुंबल्याने किंवा रक्तपेशी मोडल्यानेही होते, म्हणून प्रत्येक कावीळ हिपॅटायटिस नसते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक हिपॅटायटिसमध्ये कावीळ दिसत नाही. बी आणि सी हे दोन विषाणू वीस-तीस वर्षे यकृतात राहून ते कुरतडत असताना माणसाचे डोळे स्वच्छ पांढरे असू शकतात. हा लेख लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे, परंतु आधी डोळ्यांना दिसणाऱ्या कावीळीकडे वळू.

डोळे पिवळे दिसल्यावर

ए आणि ई विषाणूंची कावीळ बहुधा एका ठरावीक क्रमाने येते. प्रथम चार-सहा दिवस बारीक ताप, अंग मोडून येणे, मळमळ आणि अन्नावरची वासना उडणे असा त्रास होतो. मग लघवी गडद पिवळी होते आणि त्यानंतर डोळे पिवळे दिसतात. अनेकदा डोळे पिवळे होईपर्यंत ताप उतरलेला असतो. याउलट डोळे पिवळे झाल्यावरही थंडी वाजून जोराचा ताप येत असेल, तर मलेरिया किंवा लेप्टोस्पायरोसिसची शक्यता लक्षात घ्यावी लागते. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात, साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून चाललेल्या माणसाच्या बाबतीत तर हे विसरून चालणार नाही. शौचाचा रंग मातीसारखा फिका झाला असेल आणि अंगाला असह्य खाज सुटत असेल, तर पित्ताच्या नळीत खडा किंवा गाठ आहे का, हे सोनोग्राफी करून पाहावे लागते.

डॉक्टरांकडे गेल्यावर केवळ ‘कावीळीची तपासणी’ करून थांबू नये, कारण पुष्कळ ठिकाणी त्या नावाखाली फक्त बिलिरुबिन मोजले जाते. बिलिरुबिनच्या जोडीला एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे द्रव्य, आणि प्रोथ्रोंबिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, या तपासण्या व्हायला हव्यात. प्रोथ्रोंबिन टाइमच्या अहवालात आयएनआर या नावाने एक आकडा येतो. कारण शोधण्यासाठी ए आणि ई विषाणूंच्या आयजीएम प्रतिपिंडांची, म्हणजे ताज्या संसर्गात शरीर विषाणूविरुद्ध तयार करते त्या द्रव्यांची, बी साठी एचबीएसएजीची आणि सी साठी अँटी-एचसीव्हीची तपासणी लागते. अहवाल हाती आल्यावर घरची मंडळी बिलिरुबिनच्या आकड्याकडेच पाहतात. तो १० वर गेला की घाबरतात आणि ६ वर आला की सुटकेचा श्वास टाकतात. परंतु यकृताची कामगिरी खऱ्या अर्थाने आयएनआर सांगतो, कारण रक्त गोठवणारे घटक यकृतच तयार करते. आयएनआर १.५ पर्यंत किंवा त्यापुढे गेला असेल, तर रुग्णाला घरी ठेवू नये. एसजीपीटी झपाट्याने खाली आला, पण बिलिरुबिन आणि आयएनआर मात्र चढत राहिले, तर ती सुधारणा समजू नये. इजा होण्याजोग्या पेशीच फारशा उरल्या नसल्याचे ते चिन्ह असू शकते.

ए आणि ई च्या साध्या कावीळीवर विषाणू मारणारे औषध सहसा द्यावे लागत नाही. बहुतेक रुग्णांचे यकृत चार ते सहा आठवड्यांत आपले आपण पूर्ववत होते. उपचार म्हणजे विश्रांती, पुरेसे पाणी, झेपेल तेवढे अन्न आणि यकृतावर भार टाकणाऱ्या गोष्टी टाळणे. दारू पूर्ण बंद ठेवावी. प्रौढ निरोगी माणसानेही पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर घ्यायचे नसते. सुजलेल्या यकृताच्या रुग्णाने ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्यावे. आधीपासून चालू असलेल्या प्रत्येक गोळीची, काढ्याची आणि भुकटीची यादी डॉक्टरांना दाखवावी. क्षयरोगाच्या उपचारातील आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही औषधांमुळे यकृताला सूज येऊ शकते, म्हणून ती घेणाऱ्या रुग्णाला उलट्या किंवा पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी उपचार केंद्र गाठावे. झाडपाल्याची औषधे निरुपद्रवीच असतात, हा समजही सोडायला हवा. कोविडच्या काळात गुळवेलीचे सेवन करणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तिच्यावर हरकत घेतली, परंतु ज्याचे यकृत आधीच सुजले आहे त्याने असा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

पथ्याच्या नावाखाली आपल्याकडे रुग्णाची अक्षरशः उपासमार केली जाते. हळद बंद, तेल-तूप बंद, आणि उसाच्या रसावर व फुटाण्यांवर पंधरा-पंधरा दिवस काढायचे. हळदीने कावीळ वाढत नाही. हळदीचा आणि बिलिरुबिनचा रंग सारखा आहे, एवढाच काय तो संबंध. मऊ भात, वरण, चमचाभर तूप, ताक, फळे, अंडे असे जे मळमळ न होता खाता येईल ते थोडेथोडे करून चार-पाच वेळा द्यावे. सकाळी भूक थोडी बरी असते, म्हणून त्या वेळी भरपेट द्यावे. उसाच्या रसाला हरकत नाही, पण रस्त्यावरच्या गाड्यावरचा आणि बर्फ घातलेला रस देऊ नये, कारण ज्या दूषित पाण्यातून ही कावीळ आली, त्याच प्रतीच्या पाण्याचा बर्फ त्यात असू शकतो.

आता माळेविषयी. कावीळ उतरवणारे लोक रुग्णाच्या गळ्यात किंवा डोक्यावर वनस्पतीच्या बारीक काड्यांची माळ घालतात. सुरुवातीला ती डोक्यावर टोपीसारखी बसते, मग दिवसागणिक लांब होत गळ्यात आणि पुढे छातीपर्यंत उतरते. जितकी माळ उतरली तितकी कावीळ उतरली, असे सांगितले जाते. ही माळ हातात घेऊन नीट पाहावी. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या वेढ्यांत अडकवलेले असतात. काड्या वाळून बारीक होतात, तसे वेढे सैल पडतात आणि त्यांतला दोरा सुटून माळ लांब होते. तीच माळ खुंटीला टांगून ठेवली तरी लांबते. गावोगावी या उपायांची ख्याती टिकून आहे याचे कारण एवढेच की ए आणि ई ची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. ज्याची कावीळ बी विषाणूची, औषधाने झालेली किंवा पित्तनलिकेतील गाठीची असते, त्याचे उपचाराचे दिवस मात्र माळेची लांबी मोजण्यात जातात. घरातील वडीलधाऱ्यांचा माळेवर विश्वास असेल तर त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. माळ गळ्यात राहू द्यावी, पण रक्ततपासणी त्याच दिवशी करावी. नाकात किंवा डोळ्यांत रस पिळणे आणि तापलेल्या लोखंडाने डाग देणे यांना मात्र ठाम नकार द्यावा.

पुढील लक्षणांपैकी एकही दिसले तर रात्र असली तरी थांबू नये आणि मोठ्या रुग्णालयात न्यावे: रुग्ण असंबद्ध बोलू लागणे किंवा ग्लानीत जाणे, दिवसा झोप आणि रात्री जाग असे उलटे चक्र सुरू होणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, काळी शौच होणे, पोटात पाणी भरणे, उलट्यांमुळे पाणीही न ठरणे. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर एवढीही वाट पाहू नये. ई विषाणूची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर मृत्यूचे प्रमाण शेकडा २० ते २५ पर्यंत जाऊ शकते. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की तिला त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे.

पाण्याची वाट अडवणे

ए आणि ई हे दोन्ही विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातात. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात नजफगड नाल्याचे सांडपाणी मिसळले आणि ते वजिराबादच्या पाणी उपसा केंद्रात शिरले. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती साथ ई विषाणूची होती, हे साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कित्येक वर्षांनी कळले. आपल्याकडे २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत ई विषाणूची मोठी साथ आली आणि तीत मृत्यूही झाले. उन्हाळ्यात नदी आटते आणि सांडपाण्याचे प्रमाण वाढते. पावसाच्या सुरुवातीला गटारे तुंबून गळक्या जलवाहिन्यांत घाण शिरते. याच दोन वेळा अधिक जपण्याच्या आहेत.

गावात राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातील क्लोरीनची तपासणी, समोर करून दाखवायला सांगावे. हा आपला हक्क आहे. टाकीजवळचे नव्हे, तर गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाचे पाणी काचेच्या नळीत घ्यायचे आणि त्यात ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकायचे. पाणी पिवळसर झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. जसेच्या तसे नितळ राहिले तर टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडलेली नाही, जुनी पडली आहे किंवा वाटेत जलवाहिनीत घाण मिसळून क्लोरीन संपला आहे. रंग सोबतच्या पट्टीशी जुळवून पाहतात. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळाला पाहिजे. चांगल्या प्रतीची, ३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल पावडर १,००० लिटर पाण्याला सुमारे ५ ग्रॅम लागते आणि ती टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी सोडायचे नसते. उघड्या पोत्यात ओल लागलेली पावडर निरुपयोगी असते, म्हणून पोते कोठे व कसे ठेवले आहे हेही पाहावे.

घरी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पाणी उकळणे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ते तसेच उकळू द्यावे आणि थंड झाल्यावर त्याच भांड्यात झाकून ठेवावे. कापडाने गाळल्यामुळे विषाणू अडत नाहीत. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत. ए विषाणूचा रुग्ण डोळे पिवळे होण्याच्या आधीचे दोन आठवडे सर्वांत अधिक संसर्ग पसरवत असतो, त्यामुळे कावीळ दिसल्यावर त्याला वेगळ्या खोलीत कोंडून काही साधत नाही. त्याने कावीळ सुरू झाल्यापासून काही आठवडे इतरांसाठी स्वयंपाक करू नये आणि शौचालय स्वच्छ ठेवावे, एवढे पुरे. ए साठी लस उपलब्ध आहे. लहान मुलांना हा आजार बहुधा नकळत होऊन जातो, पण ज्यांना लहानपणी तो झाला नाही त्यांना तरुणपणी झाल्यास त्रास अधिक होतो, म्हणून महाविद्यालयासाठी वसतिगृहात राहायला जाणाऱ्या मुलामुलींना ही लस देण्याविषयी बालरोगतज्ज्ञांशी किंवा आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

न दिसणारे बी आणि सी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक बी विषाणूसह आणि सुमारे ५५ लाख लोक सी विषाणूसह जगत होते. यांपैकी बहुतेकांना ते ठाऊक नाही. कोणाला रक्तदान करताना कळते, कोणाला शस्त्रक्रियेपूर्वी, तर कोकणातून आखाती देशांत नोकरीला निघालेल्या एखाद्या तरुणाला वैद्यकीय तपासणीत ‘अनफिट’ असा शिक्का पडल्यावर कळते, आणि तोपर्यंत विमानाचे तिकीटही काढून झालेले असते.

हे विषाणू पाण्यातून येत नाहीत. ते रक्तातून येतात, आणि बी विषाणू लैंगिक संबंधातून व प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळालाही येतो. बी विषाणू वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यात किमान सात दिवस तग धरतो. निर्जंतुक न केलेली किंवा पुन्हा वापरलेली सुई, जत्रेत एकाच सुईने अनेकांच्या हातांवर केलेले गोंदण, न बदललेले पाते, दुसऱ्याचा वस्तरा किंवा दात घासण्याचा ब्रश या त्याच्या वाटा आहेत. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात सिरिंजचा पुनर्वापर झाल्याने बी विषाणूची मोठी साथ पसरली आणि अनेकांचे जीव गेले. इंजेक्शन घेताना सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच बाळगू नये. आणि गोळीने भागत असेल तर इंजेक्शनचा किंवा सलाईनचा आग्रह धरू नये. सोबत जेवणे, हात हातात घेणे, मिठी मारणे, एकच शौचालय वापरणे यांतून बी किंवा सी पसरत नाही, आणि बाळाला बी ची लस दिलेली असेल तर आईने स्तनपान थांबवण्याचेही कारण नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की प्रत्येक प्रौढ व्यक्तीने आयुष्यात एकदा तरी एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या दोन तपासण्या करून घ्याव्यात. ज्यांना २००२ पूर्वी रक्त चढवले आहे, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, ज्यांना थॅलेसेमिया किंवा हिमोफिलिया आहे, जे रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत काम करतात आणि ज्यांच्या आईला, भावंडाला किंवा जोडीदाराला बी आहे, त्यांनी तर त्या लांबणीवर टाकू नयेत. केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वीही बी ची तपासणी हवी, कारण दबून राहिलेला विषाणू अशा वेळी उसळून वर येतो.

अहवाल वाचताना गोंधळ होतो तो येथे. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे बी विषाणू शरीरात आहे. तो सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह राहिला तर संसर्ग जुनाट समजतात. अँटी-एचबीएस, म्हणजे बी विरुद्धची प्रतिपिंडे, १० किंवा अधिक असतील तर ते संरक्षण आहे, आजार नव्हे, आणि तरीही पॉझिटिव्ह हा शब्द वाचून लोक घाबरतात. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह असण्याचा अर्थ सी शी कधीतरी गाठ पडली एवढाच. विषाणू आज आहे की नाही हे एचसीव्ही आरएनए या तपासणीतूनच ठरते. बरे झालेल्या माणसाची अँटी-एचसीव्ही पुढेही पॉझिटिव्हच येत राहते, म्हणून आरएनएचा अहवाल जपून ठेवावा. डी विषाणू फक्त बी असलेल्यांनाच होतो, त्यामुळे बी ची लस त्याच्यापासूनही वाचवते.

जन्माच्या वेळी बी चा संसर्ग झाला तर दहापैकी नऊ बाळांमध्ये तो जुनाट होतो. प्रौढपणी झाला तर शंभरात पाचांहून कमी जणांत. म्हणूनच बाळाला बी ची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते, आणि पुढच्या मात्रा पेंटाव्हॅलंट लसीतून ६, १० व १४ आठवड्यांना मिळतात. प्रसूतिगृहातून घरी निघताना बाळाच्या लसीकरण कार्डावर जन्मतः दिलेल्या बी लसीपुढे तारीख आहे का, हे स्वतः पाहावे. नसेल तर तेथेच विचारावे. आई पॉझिटिव्ह असेल तर लसीसोबत बाळाला शक्यतो १२ तासांच्या आत एचबीआयजी हे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते, आणि ते आयत्या वेळी सहज मिळत नाही, म्हणून आठव्या महिन्यातच रुग्णालयाशी बोलून त्याची सोय करून ठेवावी. आईच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत तिला टेनोफोविर हे विषाणू दाबणारे औषध देतात. लस न घेतलेल्या प्रौढांना ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन मात्रा घेता येतात.

सी वर लस नाही, पण तो पूर्ण बरा होतो. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या बहुतेकांना १२ आठवडे घ्याव्या लागतात; यकृत आकसलेले असेल तर औषधांची जोडी किंवा मुदत बदलते. शंभरापैकी पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी व औषधे ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्याची चौकशी करावी. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनएची तपासणी पुन्हा करायची असते, आणि ती निगेटिव्ह आली तरच बरे झालो असे म्हणता येते. बरे वाटू लागल्यामुळे पुष्कळ जण नेमके या तपासणीला जात नाहीत.

बी चे तसे नाही. तो मुळापासून क्वचितच जातो, पण टेनोफोविर किंवा एंटेकाविरची रोजची एक गोळी त्याला वर्षानुवर्षे दाबून ठेवते. पॉझिटिव्ह असलेल्या प्रत्येकाला गोळी लागत नाही. विषाणूचा डीएनए किती आहे, एसजीपीटी किती आहे आणि यकृत कितपत कडक झाले आहे, यांवर ते ठरते. सुरू केलेली गोळी मात्र मनाने बंद करू नये, कारण विषाणू उसळून यकृत निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. गोळी असो वा नसो, दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी करून घ्यावी. यकृत आकसलेले असेल, घरात यकृताचा कर्करोग झालेला असेल किंवा वय चाळिशीपुढे असेल तर त्याच वेळी सोनोग्राफीही करावी, कारण बी मुळे होणारा कर्करोग लहान असताना सापडला तर काढून टाकता येतो. जोडीदाराची, मुलांची, आईची आणि भावंडांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी, आणि ज्यांची निगेटिव्ह येईल त्यांना लस द्यावी. वस्तरा, नखे काढण्याचे साधन आणि ब्रश वेगळे ठेवावेत. ताट-वाटी वेगळी काढण्याची गरज नाही, आणि ज्या घरात ती काढली गेली असेल तेथे ती परत एकत्र करावी.